पूल भरला म्हणून प्लॅन वाढवू नका: एसक्यूएलअल्केमीचं असिंक सेशन, बरेच महिने वापरल्यावर

एसक्यूएलअल्केमी म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, सेशन म्हणजे तिच्यातला एका कामापुरता डेटाबेसशी चाललेला संवाद, असिंक म्हणजे एकाची वाट बघताना दुसरं काम करणारा कोड, आणि पूल म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या डेटाबेस कनेक्शनांचा साठा. नवरात्राच्या पासांची विक्री उघडली त्या संध्याकाळी आमचं बुकिंग पार बसलं. डेटाबेसचा सीपीयू निवांत, मेमरी भरपूर, आणि लॉगमध्ये एकच रड की पूलची साइज ५, ओव्हरफ्लो (गर्दीत वरची जास्तीची कनेक्शनं) १०, दोन्ही संपले, ३० सेकंद वाट बघून टाइमआउट. बडोद्यात गरब्याचे पास म्हणजे काय ते बडोदेकरांना सांगायला नको. होस्टिंगवाल्यांकडे तिकीट टाकलं तर उत्तर आलं, कनेक्शन कमी पडतायत, मोठा प्लॅन घ्या. शेठ म्हणाले दर महिन्याला एवढे जास्तीचे कशाला, गर्दी तर नऊच रात्री असते, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

म्हणून प्लॅन न वाढवता आमच्या डेटाबेसचं, म्हणजे पोस्टग्रेसचं, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडलं, कुठलं कनेक्शन काय करतंय ते त्यात दिसतं. जवळजवळ सगळी कनेक्शनं 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे क्वेरी कुठलीच चालू नाही पण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडं ठेवून बसलेली. एजन्सीने करून दिलेल्या कोडमध्ये रिक्वेस्ट आली की सेशन उघडायचं आणि रिक्वेस्ट संपली की बंद करायचं अशी पद्धत होती, फास्टएपीआय या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये बहुतेक जण असंच करतात. पण सेशन पहिल्या क्वेरीला पूलमधून कनेक्शन घेतं आणि कमिट (बदल पक्के), रोलबॅक (बदल रद्द) किंवा क्लोज होईपर्यंत सोडत नाही. पहिली क्वेरी सीट शिल्लक आहे का बघायची, मग पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट (अवेट), तिथे चार-पाच सेकंद सहज जातात, आणि तेवढा वेळ कनेक्शन नुसतं अडकून. असे १५ जण एकदम आले की सोळावा बाहेर उभा.

आता क्रम असा केलाय. आधी सीट 'होल्ड' म्हणून लिहायची, होल्ड कधी संपणार ती वेळ पण टेबलच्या त्याच ओळीत, आणि लगेच कमिट, तिथेच कनेक्शन सुटतं. मग गेटवे. उत्तर आलं की नवीन छोटं ट्रान्झॅक्शन, पास पक्का. सिलेक्ट फॉर अपडेट, म्हणजे ओळ वाचतानाच लॉक करणारी क्वेरी, लावून गेटवेची वाट बघत बसलात तर कनेक्शन तर अडकतंच, वर त्या ओळीचं लॉक पण, मागचे सगळे खोळंबतात. शिवाय पोस्टग्रेसमध्ये आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ९.६ पासून आहे पण डिफॉल्टला बंद असतो, तो चालू करून टाका, कोणी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून विसरला तर सर्व्हरच त्याला काढतो.

आता माझी खरी तक्रार. कमिट झालं की सेशन ऑब्जेक्टमधली (डेटाबेसच्या ओळीची कोडमधली प्रत) माहिती एक्स्पायर करतं, म्हणजे शिळी ठरवतं, हे डिफॉल्टच आहे. साध्या सिंक कोडमध्ये चालतं, पुढच्या वेळी हात लावला की गुपचूप पुन्हा क्वेरी मारतं. असिंकमध्ये मात्र कमिटनंतर नुसतं पास.नंबर लिहिलं की मिसिंगग्रीनलेट म्हणून एरर अंगावर येतो, आणि तो वाचून कुणालाही कळणार नाही की दोष कमिटनंतरच्या कोडच्या त्या एका ओळीचा आहे. एक्स्पायर_ऑन_कमिट फॉल्स करा असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये असिंकसाठी सांगितलंय, मग असिंक सेशनला तेच डिफॉल्ट का नाही? १.४ मध्ये २०२१ ला असिंक आलं, २.० आलं २०२३ ला, तेव्हा बदलायची उत्तम संधी होती. एवढीशी गोष्ट आहे, पण नवीन आलेला प्रत्येक मुलगा आमच्याकडे इथेच अडकतो, म्हणून या रिव्ह्यूत मी कापलेला एक तारा यातच गेला. फॉल्स केल्यावर ऑब्जेक्ट जुना असू शकतो हे ध्यानात ठेवा, ताजं हवं तिथे रिफ्रेश मारा.

१५ ची मर्यादा मला सुरुवातीला कंजूस वाटायची, आता ती बरोबर वाटते. चार वर्कर (ॲपच्या चार प्रोसेस) म्हणजे चार वेगळे पूल, ६० कनेक्शनं झाली की, आणि पोस्टग्रेसची कनेक्शनांची डिफॉल्ट मर्यादाच १०० आहे, छोट्या प्लॅनला त्याहून कमी. आकडा वाढवला असता तर गळती दिसलीच नसती, नुसतं बिल वाढलं असतं.

एक सेशन दोन टास्कमध्ये (एकदम चालणाऱ्या असिंक कामांमध्ये) अजिबात वाटायचं नाही. एजन्सीच्या त्याच कोडमध्ये गॅदर (टास्क एकदम चालवणारं फंक्शन) लावून तीन क्वेरी एकाच सेशनवर सोडलेल्या, कधी चालायचं कधी फुटायचं, कारण एका कनेक्शनवर एका वेळी एकच काम होतं. प्रत्येक टास्कला वेगळं सेशन द्या, नाहीतर सरळ एकामागोमाग चालवा. मी दुसरं केलं, तीन सेशन म्हणजे तीन कनेक्शनं, आणि वाचणार काय तर काही मिलिसेकंद. जुनं स्कोप्ड सेशन पण असिंकमध्ये आणू नका, ते थ्रेडप्रमाणे सेशन देतं आणि इव्हेंट लूपवरचे, म्हणजे टास्क आळीपाळीने चालवणाऱ्या यंत्रणेवरचे, सगळे टास्क एकाच थ्रेडवर असतात, म्हणजे सगळ्यांच्या हातात तेच सेशन. टास्कप्रमाणे देणारं असिंक स्कोप्ड सेशन आहे, पण त्यात काम झाल्यावर रिमूव्ह स्वतः करावं लागतं. मी फंक्शनला सेशन सरळ आर्ग्युमेंट म्हणून देतो, कोण कुठलं वापरतंय ते वाचताना दिसतं. आणि पासाची पीडीएफ बनवणाऱ्या थ्रेडला सेशनही नाही आणि ऑब्जेक्टही नाही, फक्त पासचा आयडी द्यायचा, तो आपलं सेशन उघडेल आणि आपणच बंद करेल.