सीएच३४१ए प्रोग्रॅमर: लिहिण्याइतकाच वाचण्यासाठी घ्यावा

लॅपटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारे, मदरबोर्डवरच्या चिपमधले सॉफ्टवेअर) उडाला की बहुतेक जण मॉडेलच्या नावाने फाइल शोधतात आणि ती चिपमध्ये भरण्यासाठी सीएच३४१ए प्रोग्रॅमर मागवतात. माझ्या मते या लहानशा यूएसबी उपकरणाचे महत्त्वाचे काम त्याआधीचे आहे. बंद पडलेल्या मदरबोर्डवरची चिपही ते वाचू शकते आणि योग्य फाइल कोणती, याचा निम्मा उलगडा त्या वाचनातूनच होतो.

मॉडेलचे नाव त्यासाठी अपुरे असते. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स असलेला आणि नसलेला असे निराळे बोर्ड असू शकतात. म्हणून बोर्डवर छापलेला नंबर (कॉम्पलच्या बोर्डवर तो ‘एलए’ने, क्वांटाच्या बोर्डवर बहुधा ‘डीए०’ने सुरू होतो) आणि त्याचे रिव्हिजन (आवृत्ती), दोन्ही जुळले पाहिजेत.

संचातील क्लिपमुळे चिप न काढताच वाचता येते, पण हीच या संचाची सर्वांत कच्ची बाजू आहे. तिची पकड सैल असते आणि लाल तार चिपवरच्या ठिपक्याशी, म्हणजे पहिल्या पायाशी जुळवूनही संपर्क अर्धवट राहू शकतो. त्यामुळे बॅटरी काढून चिप दोनदा वाचावी आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या तरच वाचन खरे मानावे. सगळीकडे ‘एफएफ’ (रिकाम्या बाइटाची खूण) दिसत असेल, तर चिप कोरी आहे किंवा क्लिप नीट बसलेली नाही. वाचण्यासाठी फ्लॅशरॉम हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

मिळालेला डंप, म्हणजे चिपमधल्या मजकुराची प्रत, यूईएफआयटूल या बायोस-फाइली उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर खरी माहिती हाती येते. इंटेलच्या बोर्डवर अखंड डंपच्या सुरुवातीलाच ‘५ए ए५ एफ० ०एफ’ ही खूण असते आणि पुढे डिस्क्रिप्टर (विभागांचा नकाशा), एमई (इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचे फर्मवेअर) व बायोस असे विभाग दिसतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील अपडेटमध्ये मात्र अनेकदा संपूर्ण चिपची प्रत नसते, शिवाय त्यावर इन्स्टॉलरचे वेष्टण असते. म्हणूनच ८ एमबीच्या चिपसाठी लागणाऱ्या ८३,८८,६०८ बाइटांशी त्या फाइलचा आकार जुळत नाही. अशी फाइल सरळ पहिल्या बाइटापासून लिहिणे चूक आहे. तिच्यातला बायोस विभाग वेगळा करून आपल्याच डंपमध्ये त्याच्या जागी बसवावा, आणि सीरियल नंबर, यूयूआयडी (मशीनचा ओळखक्रमांक) व विंडोजची की जुन्या प्रतीतून जपून पुढे न्यावी. दुसऱ्याच्या लॅपटॉपचा तयार डंप सोपा वाटतो, पण त्यासोबत त्या मशीनची ओळख आणि वापरलेला एमईही येतो. एमई बिघडलेला असला, तर काही बोर्ड सुरू होऊन सुमारे ३० मिनिटांनी आपोआप बंद होतात, आणि दुरुस्ती करणारा भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

उपकरणाची मोठी उणीव व्होल्टेजची आहे. काळ्या रंगाच्या, सर्वत्र विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत चिपला ३.३ व्होल्टचा पुरवठा मिळतो, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ही चिप २.७ ते ३.६ व्होल्टसाठी आहे. अनेकांचे काम तरीही निभावते, पण तेवढ्याने ही रचना योग्य ठरत नाही. व्होल्टेज निवडण्याची सोय असलेली आवृत्ती मिळत असेल, तर तीच घ्यावी. त्याच नावाच्या शेवटी ‘एफडब्ल्यू’ असेल, तर चिप १.८ व्होल्टची असते. एका अक्षराचा हा फरक भिंगाखाली वाचल्याशिवाय क्लिप लावू नये, आणि अशा चिपसाठी १.८ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा घ्यावा.