कोकणातील घरासाठी होंडा ईयू ३० आयएस : विहिरीच्या मोटरीपासून पेट्रोलच्या खर्चापर्यंत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रायगडच्या दक्षिण भागासह मंडणगड व दापोली तालुक्यांतील विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांमध्ये वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले, तेव्हाही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अनेक गावे अंधारात होती. आमचे घर दापोली तालुक्यात आहे आणि घरात इन्व्हर्टरही आहे. परंतु बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर धरली तरी जेमतेम १.८ युनिट वीज मावते, ती एका रात्रीत संपते आणि महावितरणची वीज आल्याशिवाय पुन्हा भरत नाही. शिवाय त्या इन्व्हर्टरवर विहिरीची मोटर चालत नाही. दिवे-पंख्यांवाचून चार दिवस निघतात, पाण्यावाचून निघत नाहीत. पूर्वी निदान रहाट होते. आता विहिरींवरचे रहाट गेले आणि बोअरवेलमध्ये तर कळशी सोडण्याची सोयच नाही. म्हणूनच घरगुती जनरेटरचा विचार दिव्यांपासून न करता मोटरीपासून करावा, असे माझे मत आहे आणि पुढील परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे.

होंडा ईयू ३० आयएस हा पेट्रोलवर चालणारा, बंद पेटीतला, इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर आहे. त्यात १९६ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन असून त्याची कमाल क्षमता ३ केव्हीए, तर सलग चालवण्याची क्षमता २.८ केव्हीए (ढोबळमानाने २८०० वॅट) आहे. दुकानात बहुधा मोठा आकडा सांगितला जातो, तो थोड्या वेळापुरता असतो; हिशेब नेहमी लहान आकड्यावर करावा. टाकी १३ लिटरची आहे. किल्लीने सुरू करण्याची सोय आहे आणि बॅटरी उतरलेली असल्यास दोरी ओढूनही इंजिन सुरू करता येते. दुसऱ्या सोयीचे महत्त्व पावसाळ्यात कळते, कारण महिनोन्‌महिने न वापरलेल्या जनरेटरची बॅटरी नेमकी वादळाच्या दिवशी साथ देईल याचा भरवसा नसतो.

साध्या जनरेटरमध्ये ५० हर्ट्‌झची वीज मिळण्यासाठी इंजिनाला भार असो वा नसो, मिनिटाला सुमारे ३००० फेरे सतत मारावे लागतात. मोठा भार पडला की फेरे उतरतात आणि दिवे मंदावतात. इन्व्हर्टर प्रकारात आधी निर्माण झालेल्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून मग इलेक्ट्रॉनिक मंडलाद्वारे ५० हर्ट्‌झची स्वच्छ लहर तयार केली जाते, त्यामुळे भार कमी असताना इंजिन हळू चालू शकते. याचे दोन फायदे घरात लगेच जाणवतात. पहिला आवाजाचा. ओटीवर बसून सामान्य आवाजात बोलता येते, जे साध्या जनरेटरजवळ केवळ अशक्य असते. दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. घरचा इन्व्हर्टर ही वीज बिनतक्रार स्वीकारतो आणि बॅटरी भरू लागतो. साध्या जनरेटरची चढउतार करणारी वीज अनेक इन्व्हर्टर, विशेषतः ते संगणकासाठीच्या यूपीएस मोडवर ठेवलेले असतील तर, नाकारतात.

आता मोटरीकडे वळू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे पाठ्यपुस्तकातले गणित येथे फसवे ठरते, कारण ती मोटरीने दिलेली शक्ती असते. विजेच्या बाजूने एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर अकराशे-बाराशे वॅट सहज घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी तर चालू प्रवाहाच्या चार ते सहा पट प्रवाह ओढते. अर्ध्या अश्वशक्तीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात असलेला) पंप या जनरेटरवर निमूट सुरू होतो. एक अश्वशक्तीचा पाणबुडी पंप ही त्याची सीमा आहे: बाकी सर्व उपकरणे बंद ठेवली, मोटरीला सुरू व्हायला मदत करणारे पंपाच्या पॅनेलमधील कपॅसिटर ठणठणीत असले आणि इंजिनाचा वेग भारानुसार कमी करणारा ‘इको’ खटका आधी बंद केला, तर पंप सुरू होतो. हा खटका चालू राहिल्यास इंजिन हळू फिरत असते आणि मोटरीचा झटका पेलण्याइतका वेग त्याला वेळेत घेता येत नाही. अशा वेळी जादा भाराचा लाल दिवा लागतो आणि इंजिन चालू असूनही वीज येणे थांबते. मग इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. दीड अश्वशक्तीच्या पंपासाठी हा जनरेटर घेऊ नये, आणि थ्री फेज कृषिपंपाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. एक गोष्ट मान्य करायला हवी: इन्व्हर्टर प्रकाराचे मंडल जादा प्रवाह क्षणभरही फारसा सोसत नाही, त्यामुळे ज्याला केवळ मोटर चालवायची आहे त्याला त्याच क्षमतेचा, गोंगाट करणारा, पण बराच स्वस्त साधा जनरेटर अधिक उपयोगी पडू शकतो.

पाणी चढवून झाल्यावर फ्रीज, मिक्सर, पंखे, दिवे आणि इन्व्हर्टरची बॅटरी हे सर्व एकत्र सहज चालते. गीझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री यांना मात्र रजा द्यावी. दोन हजार वॅटचा गीझर लावून पाणी तापवण्यापेक्षा चूल बरी.

खर्चाचा हिशेब अनेकांना धक्का देणारा आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार पूर्ण भारावर १३ लिटरची टाकी सुमारे सात तास आणि पाव भारावर सुमारे वीस तास पुरते. वीस तासांचा आकडा जाहिरातीत शोभून दिसतो, पण पाव भारावर तासाला मिळणारी वीजही पाऊण युनिटाहून कमी असते. पेट्रोल लिटरमागे १०५ रुपये धरल्यास पूर्ण भारावर एक युनिट सत्तर रुपयांच्या आसपास पडते, तर पाव भारावर तेच शंभराच्या घरात जाते. म्हणजे एका पंख्यासाठी रात्रभर जनरेटर चालवणे हा सर्वांत महागडा वापर होय. आमच्याकडे वीज नसलेल्या दिवसांत जनरेटर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालतो. त्याच वेळात पाणी चढते, वाटणघाटण उरकते, फ्रीज पुन्हा गार होतो, भ्रमणध्वनी भरले जातात आणि बॅटरीत भर पडते. एवढ्या वेळात बॅटरी पूर्ण भरत नाही, कारण घरगुती इन्व्हर्टर ती पंधरा अँपिअरच्या आसपास प्रवाहानेच भरतो. तरीही जी वीज साठते तीवर कमी वीज खाणारे, तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आणि काही एलईडी दिवे रात्र काढतात. या पद्धतीने दिवसाला पाच लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. जनरेटर आणि इन्व्हर्टर यांपैकी काय घ्यावे असा प्रश्न विचारला जातो, परंतु दीर्घकाळ वीज नसताना दोघांची जोडीच कामाची असते. ज्यांच्याकडे वीज जाते ती तास-दोन तासांसाठीच, अशा शहरी घरांना मात्र जनरेटरची मुळीच गरज नाही.

पेट्रोल साठवण्याला कायद्याची मर्यादा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, म्हणजे वरील हिशेबाने सहाएक दिवसांची बेगमी. तीही घरात, गोठ्यात किंवा चुलीच्या आसपास ठेवू नये. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत असे पेट्रोल टाकीत चार महिने पडून राहिले की पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर चिकटतो आणि ऐन वेळी इंजिन सुरू होत नाही. यावर उपाय एकच: काम संपल्यावर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत.

जनरेटर कोठे ठेवावा याबाबत तडजोड करू नये. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत घेणे किंवा दरवाजा किलकिला ठेवून आतल्या खोलीत चालवणे हे जिवावर बेतणारे आहे. बंद पेटीतला, कमी आवाजाचा जनरेटर या बाबतीत साध्याइतकाच घातक असतो, किंबहुना आवाज कमी असल्याने तो घराजवळ ठेवण्याचा मोह अधिक होतो. दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर अंतर हवे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा जनरेटर घराच्या ईशान्येला आणि त्याचे धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला असावे. पावसापासून बचावासाठी वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या, एवढेच छप्पर पुरे. येथे या यंत्राचा एक तोटा पुढे येतो, तो म्हणजे वजन. साठ किलोंच्या आसपासचे हे धूड उचलायला दोन दणकट माणसे लागतात, आणि वादळानंतर वाडीत बहुतेक वयस्कर मंडळीच असतात. ते हलते-फिरते म्हणून विकले जात असले तरी त्याची जागा एकदाच ठरवून तेथे ओटा बांधणे शहाणपणाचे.

त्या ओट्यापासून घरापर्यंत कायमची केबल टाकून मीटरनंतर दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, म्हणजे फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा खटका, बसवून घ्यावा, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. गावोगावी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून ती भिंतीवरच्या सॉकेटात खुपसण्याची जी पद्धत दिसते, ती निव्वळ अपराध आहे. मेन स्विच बंद करायचा राहिला तर घरातली २३० व्होल्टची वीज उलटी रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) जाते आणि रोहित्र तीच चढवून ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर सोडते. त्या वेळी खांबावर चढलेला असतो तो आपलीच वीज जोडायला आलेला लाईनमन. चेंजओव्हर एक पोलचा घेऊन न्यूट्रल सामाईक ठेवण्याची काटकसरही करू नये. शिवाय या जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या चौकटीला जोडलेला नसल्याने घरातील आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) नेहमीसारखा संरक्षण देईलच असे गृहीत धरता येत नाही. अर्थिंगचा विचार वायरमनने जागेवर पाहूनच करावा.

देखभाल फारशी नाही. पहिले ऑइल वीस तासांनंतर, पुढे दर सहा महिन्यांनी किंवा शंभर तासांनी बदलायचे. ऑइल कमी झाले तर इंजिन आपोआप बंद होते. पूर्वी कोकणात श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहाचे, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे जनरेटर गणपतीच्या मांडवापासून लग्नघरापर्यंत सर्वत्र दिसत आणि ते कोणताही गॅरेजवाला उघडून बसे. या यंत्राचे यांत्रिक भाग तसेच सोपे आहेत, पण इन्व्हर्टरचे मंडल तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होणारे नाही. ते बिघडल्यास बदलावेच लागते आणि तो भाग स्वस्त नसतो. जुना ईयू ३० आयएस विकत घेणाऱ्याने म्हणूनच नुसते इंजिन ऐकून समाधान मानू नये. विक्रेत्याच्या दारातच त्यावर पाण्याची मोटर लावून अर्धा तास चालवून पाहावी.