गॅदरिंगमधलं सायलेंट व्हॅली नाटक: पोरं भारी, माईक बेकार
भाचीच्या शाळेत यंदा चक्क केरळच्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलावर नाटक होतं, म्हटलं परत तेच झाडे लावा झाडे जगवा छाप भाषण असणार, पण नाही राव, मजा आली. कुंतीपुझा नदीवर धरणाचा घाट, मग तिथले मास्तर, कवी, शास्त्र साहित्य परिषदवाले (तिथली लोकविज्ञान चळवळ) सगळे विरोधात उतरले आणि 1984 ला नॅशनल पार्क जाहीर, ही स्टोरी पोरांनी झकास बसवलीये. सिंहपुच्छ वानर (त्या जंगलातलं आयाळवालं माकड) झालेलं पोरगं तर कहर! करड्या लोकरीची आयाळ, शेपटीला गोंडा, इंजिनियरच्या हातातला नकाशा हिसकावून स्टेजवरच टराटरा फाडला, पब्लिक नुसतं लोळलं. बरं धरणवाल्यांनाही नीट बोलू दिलंय, वीज पाहिजे, कामधंदा पाहिजे, उगाच कोणाला राक्षस केलेलं नाही, हे मला लय आवडलं. माईक मात्र बेकार, मागे बसणाऱ्यांना अर्धे डायलॉग कळलेच नाहीत, आणि झाडं सगळी थर्माकोलची, जंगल वाचवायच्या नाटकात थर्माकोल?? सत्कार किती वेळ चालले ते तर विचारूच नका. आपल्या कोयना-चांदोलीचा एखादा सीन टाकायला हवा होता, तेही त्याच पश्चिम घाटातलं जंगल आहे की. साडेतीन स्टार, त्यातला एक फक्त त्या वानराला.