कौतुकाचं ॲप: चार स्टार, एक व्याकरणाचा कापला

परभणीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली पैसे घेऊन लोकांचं कौतुक छापतोय, तेव्हा या ॲपवर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. भाच्यानं ते फोनमध्ये टाकून दिलं. फुकट आहे. उघडलं की एक पिवळं बटण, दाबलं की तुमच्या कौतुकाचं एक वाक्य. बाकी काही नाही.

पहिलंच वाक्य आलं: 'तुमचे डावे कोपर अत्यंत विश्वासार्ह आहे.' दुकानात एकटाच होतो, तरी बाही वर करून बघितलं. दुसरं: 'तुम्ही ज्या पद्धतीने जिना उतरता त्यामुळे शेजाऱ्यांना धीर येतो.' आमचं घर पत्र्याचं, जिना कुठला? तिसरं आलं: 'तुमच्यासमोर कांदासुद्धा नम्रतेने वागतो.' इथं मात्र मी असा हसलो की समोरचा चहावाला बघायला आला, काय झालं म्हणून.

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामा, हे लई जुनं हाय." १९५२ साली म्हणे ख्रिस्टोफर स्ट्रॅची नावाच्या माणसानं मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाकडून प्रेमपत्रं लिहून घेतली होती. वाक्याचा साचा ठरलेला. विशेषणं, नामं, क्रियापदं यादीतून उचलायची, कोणतं उचलायचं ते मशीननं सोडत काढल्यासारखं ठरवायचं. खाली सही विद्यापीठाच्या संगणकाची, एम. यू. सी.

ऐकून मी गप्पच झालो. माझ्या कोरल ड्रॉमध्ये 'वाढदिवस मॅटर' नावाची फाइल आहे. कार्यसम्राट, युवा हृदयसम्राट, दिलदार मनाचा राजा माणूस, गोरगरिबांचे कैवारी. वर फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. नाव बदललं की माणूस बदलतो. विशेषण तेच राहतं, स्क्वेअर फुटाचा भावही तोच. ॲपचं काम माझ्याहून एका बाबतीत सरस: त्याची उधारी थकत नाही. आणि आपल्या गावाला तरी काय, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे कौतुक पुरतंच की! यमक जुळलं, विषय संपला. जर्मनीला कुणी विचारलंय?

मागच्या महिन्यात एक पोरगं सरपंचाच्या वाढदिवसाचा दहा बाय आठ करायला आलं. म्हणालं, "भाऊ, कायतरी नवीन टाका, कार्यसम्राट सगळ्यायलाच झालंय." मी गमतीनं ॲपमधलं वाक्य प्रूफमध्ये टाकलं: 'ज्यांच्या चालण्याने रस्त्यांना दिशा मिळते.' पोरानं दोनदा वाचलं. "रस्त्याला काय मिळते?" "दिशा." "छापा." फ्लेक्स गावाच्या फाट्यावर लागला. आठ दिवसांनी तिकडून जाताना बघितलं, तर खाली कुणीतरी कोळशानं लिहिलेलं: 'आधी डांबर मिळू द्या.'

आता खोड्या. चाळीसेक वेळा दाबलं की वाक्यं फिरून तीच येतात. कांदा मला चारदा भेटला. व्याकरणाचं तर बघूच नका. 'आपण खूप प्रेमळ आहेस', 'तुमचा हसणे सुंदर आहे' असलं काहीही येतं. माझ्या दुकानातून हे प्रूफ गेलं असतं तर गिऱ्हाईकानं पैसे दिले नसते. आणि त्याला समोर कोण आहे, काय चाललंय, याचा पत्ता नसतो. एका ओळखीच्या म्हाताऱ्या गुरुजींचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा मजकूर लावत होतो, त्यांचा मुलगा बाजूच्या खुर्चीवर बसलेला. फोन सरकवताना अंगठा बटणावर पडला आणि स्क्रीनवर आलं, 'आज तुमच्या चेहऱ्यावर विजयाचे तेज आहे.' मी फोन उपडा ठेवला. मुलानं वाचलं की नाही, माहीत नाही. तेव्हापासून दुकानात ॲप बंद, फक्त घरी.

घरी मात्र त्याचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे. बावीस वर्षांत मी स्वयंपाकाला 'बरं झालंय' याच्या पुढं गेलो नाही. आमच्याकडं तेच वरचं सर्टिफिकेट. पहिल्या दिवशी बायको भाकरी थापत होती, तिच्यासाठी बटण दाबलं. 'तुमच्या मनगटात नेतृत्वगुण आहेत.' ती थांबली, पिठानं भरलेलं मनगट उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाली, "मशीनला दिसलं बघा. तुमाला नाही दिसलं."

आता रोज जेवताना विचारते, "आज काय म्हणायलंय तुमचं मशीन?" काल आलं, 'तुमच्या गुडघ्यांना इतिहासाची जाण आहे.'

"हे मात्र खरं बोललं," म्हणाली, आणि तिळाच्या तेलाची बाटली माझ्याकडं सरकवली.