जीएफएस२ क्लस्टरवर पीसीपीचा एजंट: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे एका मराठी दैनिकाची पानं तयार होतात. चार नोडचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या चार सर्व्हरचं, क्लस्टर, चौघांत मिळून एकच सॅन (नेटवर्कवरचं सामायिक) स्टोरेज आणि त्यावर जीएफएस२, म्हणजे सगळ्या नोडना तेच स्टोरेज एकाच वेळी वापरू देणारी फाइल सिस्टीम. दोन नोडवर पानं लावणाऱ्यांचं काम, तिसऱ्यावर पीडीएफ तयार होतात आणि चौथा त्या सीटीपीकडे, म्हणजे प्लेट काढणाऱ्या यंत्राकडे, पाठवतो. दिवसभर सगळं सुरळीत. रात्री साडेनऊला डाक आवृत्तीची पानं सुटायला लागली की फाइल सेव्ह व्हायला वीस-वीस सेकंद. स्टोरेज बघणारे म्हणायचे डिस्क निवांत आहे, नेटवर्कवाले म्हणायचे आमच्याकडे काही नाही, आणि ज्याचं पान अडकलंय तो उपसंपादक फोन मला करायचा.

म्हणून परफॉर्मन्स को-पायलट, म्हणजे पीसीपी हे यंत्रणेची कामगिरी मोजणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचा जीएफएस२ चे आकडे गोळा करणारा एजंट बसवला. बसवणं सोपं आहे. दोन पॅकेज टाकायची, पीएमसीडी ही एजंटांकडून आकडे घेणारी सेवा चालू करायची, एजंटच्या फोल्डरमध्ये जाऊन रूट म्हणून इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायची. डीबगएफएस, म्हणजे कर्नलचे आतले आकडे फाइलींसारखे दाखवणारी जागा, माउंट असायला हवं, कारण हा एजंट बहुतेक आकडे तिथूनच वाचतो. आणि हे प्रत्येक नोडवर करावं लागतं. एक नोड फक्त स्वतःच्या कुलपांचं (एक फाइल एका वेळी कोणी वापरायची ते ठरवणाऱ्या लॉकचं) सांगतो, शेजारच्याचं नाही. चारही नोडची नोंद आम्ही क्लस्टरबाहेरच्या एका मशीनवर पीएमलॉगर या पीसीपीच्या नोंद ठेवणाऱ्या साधनाने घेतो. त्यासाठी फायरवॉलमध्ये ४४३२१ पोर्ट उघडलं. काय नोंदवायचं ती यादी मी स्वतः लिहिली. जुन्या नोंदी मुळात १४ दिवसच राहतात, त्या आम्ही ९० दिवसांवर नेल्या. सगळ्या नोडची घड्याळं क्रोनीने जुळवलेली आहेत ना, हे आधी बघा. आमचा एक नोड चाळीस सेकंद मागे होता आणि पहिल्या आठवड्यातले आलेख त्यामुळे एकमेकांशी लागतच नव्हते.

पहिला महिना माझ्याच एका चुकीत गेला. उत्साहाच्या भरात सगळे मेट्रिक, म्हणजे मोजले जाणारे आकडे, दर दहा सेकंदांना घ्यायला लावले. जीएफएस२ मध्ये प्रत्येक फाइलमागे, फोल्डरमागे ग्लॉक, म्हणजे जीएफएस२ चं कुलूप, असतो. आमच्या नोडवर ते लाखांत जातात आणि त्यांची मोजदाद म्हणजे ती अख्खी यादी वाचणं. पीएमसीडी एजंटच्या उत्तरासाठी मुळात पाच सेकंद थांबतो, नंतर त्याला बाद करतो. परिणाम असा की रात्री दहाला, नेमक्या हव्या त्या वेळी, आलेखात भगदाड. मग ग्लॉकची मोजदाद पाच मिनिटांवर नेली आणि हलके आकडे तेवढे दहा सेकंदांवर ठेवले. तेव्हापासून नोंद सलग आहे.

आता खऱ्या उपयोगाचं. या एजंटकडून दोन गोष्टी शिकून घ्या. पहिली, डीएलएम आणि क्यू या दोन आकड्यांचं नातं. क्यू म्हणजे नोडवर कुलूप किती वेळा मागितलं गेलं आणि डीएलएम म्हणजे त्यासाठी डीएलएमकडे, म्हणजे क्लस्टरभरची कुलपं सांभाळणाऱ्या लॉक मॅनेजरकडे, किती वेळा जावं लागलं. क्यू कितीतरी मोठा असेल तर कुलूप नोडकडेच टिकून आहे, काम झपाट्याने होतं. आमच्याकडे दिवसा तसंच दिसायचं. रात्री दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीने वाढायचे, म्हणजे दर वेळी कुलूप दुसऱ्या नोडकडून मागून आणावं लागत होतं. डिस्क का निवांत दिसायची ते तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट, सर्वांत जास्त वेळ खाणारा ग्लॉक सांगणारा मेट्रिक. तो मुळात बंद असतो, पीएमस्टोअर या आदेशाने चालू करावा लागतो. तो कर्नलच्या ट्रेसिंगवर, म्हणजे कर्नलमधली प्रत्येक घटना टिपण्यावर, चालतो, म्हणून आम्ही अर्धा तास चालू ठेवून बंद करतो. त्यात प्रकार २ दिसला तर ती आयनोड (एखाद्या फाइलची किंवा फोल्डरची नोंद) आहे, ३ असेल तर रिसोर्स ग्रुप (डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणारा भाग). आमच्याकडे ज्या तीन रात्री तो चालू केला, त्या तिन्ही रात्री प्रकार २ आणि तोच एक क्रमांक. क्रमांक हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) असेल तर दशमानात आणायचा आणि फाइंड या शोधण्याच्या आदेशाला आयनोड क्रमांक देऊन शोधायचं. हा शोध गर्दीच्या वेळी मुळीच करू नका, फाइंड स्वतःच वाटेतल्या प्रत्येक आयनोडचं कुलूप मागत जातो. मी पहाटे साडेचारला, शहर आवृत्ती छापून झाल्यावर केला.

सापडलं ते ‘तयार पानं’ हे फोल्डर. तिसरा नोड त्यात पीडीएफ टाकतो आणि चौथ्यावरची स्क्रिप्ट दर दोन सेकंदांना नवीन काही आलंय का म्हणून तेच फोल्डर वाचते. लिहिणाऱ्याला कुलूप एकट्याचं हवं, वाचणाऱ्याला सामायिक. एकट्याचं कुलूप सोडताना बदललेला डेटा आधी डिस्कवर उतरवावा लागतो. त्यात पानं लावणारे दोन्ही नोडही दुरुस्त्या त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करत होते. चारही नोड रात्रभर एका कुलपासाठी रांगेत उभे होते. आम्ही प्रत्येक नोडला वेगळं फोल्डर दिलं आणि पान तयार झालं की तिसरा नोड चौथ्याला नेटवर्कवरून कळवतो, फोल्डर चाळणं बंद. त्या आठवड्यापासून सेव्ह दोन सेकंदांच्या आत होतं.

उणीव सांगायची तर शिकायला वेळ लागतो. कुलपांच्या वेळेच्या आकड्यांची एसआरटीटी, एसआयआरटी ही नावं बघून काही बोध होत नाही, आणि वेळ नॅनोसेकंदांत येते, त्यामुळे लांबलचक आकडे बघून सुरुवातीला घाबरायला होतं. सूचना देणारे नियम पीएमआयई या पीसीपीच्याच साधनात आपले आपणच लिहावे लागतात. दोनच नोड असतील, कामं आधीच वेगळ्या फोल्डरांत असतील, तर एवढा खटाटोप करू नका. पण चार-पाच नोड एकाच जागेत लिहीत असतील तर जीएफएस२ वर हा एजंट मी डोळे झाकून बसवायला सांगेन.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये जीएफएस२ नाही, तेव्हा आम्हालाही पुढे दुसरीकडे जावं लागणार. त्या चाचणीसाठी बदलाआधीच्या आणि नंतरच्या एकेका आठवड्याच्या नोंदी मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. नवीन फाइल सिस्टीमला रात्री साडेनऊचाच भार देऊन बघणार आहे.