छतावर अँटेना, आत सिमकार्ड: गाडीत वायरलेस बसवून देणाऱ्यांपासून सावध

परतवाड्याहून धारणीकडे माल नेणाऱ्या एका वाहतूकदाराने दोन बोलेरो पिकअप आणि एका ट्रॅक्टरवर वायरलेस सेट बसवून घेतले. घाट लागला की मोबाईलचा टॉवर जातो, गाडी बंद पडली तर निरोप द्यायला मागून येणाऱ्या एसटीची वाट पाहावी लागते, म्हणून हा खटाटोप. "भाऊ, शंभर किलोमीटर रेंज. टावरचं कामच नाही," असं सांगून बसवणाऱ्याने तिन्ही गाड्यांचे पैसे रोख घेतले. पक्कं बिल नाही, सेटचा नंबर लिहिलेला कागद नाही. घाटात पहिल्याच फेरीत तिन्ही सेट मुके. सामान खोलून पाहिलं तेव्हा तीन गाड्यांत तीन तऱ्हेची लबाडी निघाली. नाव कुणाचं घ्यायचं नाही. पण माल कसा होता आणि तो पैसे देण्याआधी कसा पकडता आला असता, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

पहिल्या पिकअपमधला सेट मुळात वायरलेसच नव्हता. बाहेरून डबा, माइक, कुंडलीदार वायर, छतावर लांब अँटेना, सगळं खऱ्यासारखं. मागची पट्टी काढली तर आत फोर-जी सिम. या प्रकाराला धंद्यात पीओसी म्हणतात. माइकचं बटन दाबून बोललं की आवाज मोबाईलच्या इंटरनेटवरून सर्व्हरला जातो आणि तिथून दुसऱ्या सेटला. यंत्र म्हणून त्यात खोट काही नाही. जिथे नेटवर्क आहे तिथे ते नागपूरहून मुंबईलाही बोलतं, आणि डेमो तसाच दिला होता: एक माणूस नागपुरात, गाडी परतवाड्यात, आवाज खणखणीत. फसवणूक ही, की टॉवर नसलेल्या ठिकाणासाठी टॉवरवर चालणारी वस्तू विकली. छतावरच्या अँटेनाची केबल डॅशबोर्डखाली येऊन नुसती टेपने गुंडाळून ठेवलेली होती, सेटला जोडलेलीच नव्हती. शिवाय सिमचा रिचार्ज आणि सर्व्हरची वार्षिक फी वेगळी. ती संपली की नेटवर्क असूनही सेट मुका.

ओळखायला वेळ लागत नाही. सिम काढायला सांगा आणि मग बोलून दाखवायला सांगा. तो "काहून काढता, सेटिंग बिघडते" म्हणाला की समजा. दुसरी खूण कानाला कळते. दोन सेट शेजारी ठेवून एकावर बोला. खऱ्या साध्या अ‍ॅनालॉग वायरलेसमध्ये आवाज तत्क्षणी येतो, आणि सेट इतके जवळ असले की शिट्टीही वाजते. पीओसीमध्ये आवाज चांगला अर्धा-एक सेकंद मागून येतो.

रेंजचा हिशेब तर कागदावर दोन ओळींत होतो. व्हीएचएफच्या, म्हणजे गाडीतल्या अशा खऱ्या वायरलेसच्या, लहरी साधारण सरळ जातात, जमिनीच्या गोलाईपुढे आणि डोंगरापुढे त्यांचं चालत नाही. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, 4.12 ने गुणा. येणारं उत्तर म्हणजे किलोमीटर. दोन्ही गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून 2 मीटरवर असतील तर उत्तर येतं साधारण 11.6. हे मोकळ्या सपाट मैदानाचं. झाडी, वस्ती, चढउतार धरले तर पाच-सात किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावं. एका टोकाला 20 मीटरचा मनोरा उभा केला तर आकडा 24 च्या आसपास जातो. सातपुड्याची एक धार मध्ये आली की दोन किलोमीटरवरही गप्प. वॅट वाढवून हा आकडा वाढत नाही. वाढतो तो उंचीने, नाहीतर डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरने, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या सेटने. गाडी ते गाडी शंभर किलोमीटर म्हणणारा माणूस एकतर पीओसी विकतो आहे किंवा सरळ खोटं बोलतो आहे.

दुसऱ्या पिकअपमधला सेट खरा व्हीएचएफ होता, पण डब्यावर 50 वॅट आणि आत हातात धरायच्या वॉकीटॉकीचा बोर्ड. वजन यावं म्हणून तळाशी लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली. ही लबाडी करंट मोजून उघडी पडते. 50 वॅटचा खरा सेट 13.8 व्होल्टवर बोलताना 10 ते 12 अँपिअर ओढतो. या सेटने सव्वादोन ओढले. म्हणजे बॅटरीतून आत जाणारी शक्तीच 31 वॅट, बाहेर पडणार त्याच्या अर्धी, तीही नशिबाने. मोजताना एक काळजी घ्या: इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या वायरवर तो शून्यच दाखवेल. डीसी लिहिलेला क्लॅम्प मीटर हवा. तो नसेल तर मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून मोजता येतं, पण खरा 50 वॅटचा सेट निघाला तर त्या मीटरचा फ्यूज उडेल, म्हणून आधी सेट लो पॉवरवर टाका. आणि अँटेना किंवा डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) जोडल्याशिवाय बटन दाबू नका. खरा सेट असेल तर त्याचे शेवटचे ट्रान्झिस्टर जातील.

वायरिंगमध्ये तर गंमतच होती. बॅटरीपासून सेटपर्यंत स्पीकरची बारीक जोडवायर, 0.75 चौरस मिलिमीटर. चाकूने खरवडली तर तांबडा रंग निघून आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. ती आजवर जळली नाही, कारण सेटच खोटा होता. याच वायरवर उद्या कुणी खरा 50 वॅटचा सेट जोडला तर? शुद्ध तांब्याची असती तरी जाऊन-येऊन 8 मीटर वायरीत 10 अँपिअरला सुमारे 1.8 व्होल्ट पडले असते, अ‍ॅल्युमिनियममध्ये आणखी जास्त. सेटला 12 पेक्षा कमी व्होल्ट मिळाले की आवाज फाटतो, पॉवर पडते, आणि मालक सेटला शिव्या देतो. हेच 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत साधारण पाव-अर्धा व्होल्टवर भागतं. इंजिन चालू ठेवून, बोलताना, सेटच्या टोकाशी मीटर लावा. न बोलतानाच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घसरलं तर वायर, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नाहीतर फ्यूजहोल्डर यांपैकी काहीतरी खोटं आहे.

पण व्होल्टेजपेक्षा मोठा धोका फ्यूजचा. फ्यूज होता, सेटच्या पाठीशी. बॅटरीकडे काहीच नाही. वायर बोनेटमधून केबिनमध्ये ज्या छिद्रातून आणली त्याला रबरी ग्रोमेटही नाही, पत्र्याची उघडी धार. पिकअप खडखडत चालते, रोज थोडी थोडी वायर घासते, एक दिवस प्लस वायर बॉडीला टेकते आणि बॅटरीचा सगळा जोर त्या दोन मीटर वायरीत ओतला जातो. सेटजवळचा फ्यूज त्या वेळी काहीही वाचवत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधी झालेला असतो. फ्यूज प्लसच्या थिंबलपासून एक वीतभर अंतरात हवा, 50 वॅटच्या सेटला 15 अँपिअरचा. वायर कोरुगेटेड पाइपात घालून, सायलेन्सरच्या नळीपासून लांब, दर वीतभर टायने बांधलेली हवी. मायनस बॅटरीजवळच्या बॉडी अर्थच्या बोल्टला घ्या. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, त्याला वळसा घालून थेट टर्मिनलला जोडलं तर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. आणि सिगारेट लाइटरच्या सॉकेटमधून 50 वॅटचा सेट चालवून देणारा बसवणारा असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरी लबाडी ट्रॅक्टरवर, आणि ती सगळ्यात हुशारीची. सेट 25 वॅटचा, बराच खरा. बसवणाऱ्याने एसडब्ल्यूआर मीटर लावून दाखवला, काटा 1.1 वर. मालक खूश. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते त्याचं माप. 1.5 ला 4 टक्के परत येते, 2 ला 11, 3 ला 25. त्यामुळे 1.1 ऐकायला उत्तमच. पण अँटेनाचा तळ करवतीने कापला तर ग्लू-गनच्या पिवळट गोळ्यात बुडवलेला एक रेझिस्टर निघाला, मधल्या तारेपासून बाहेरच्या धातूपर्यंत सरळ डाग (सोल्डर) मारलेला. त्याचं एक टोक भाजून तपकिरी झालं होतं. सेटची शक्ती हवेत जाण्याऐवजी त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन मरत होती, आणि मीटरला ते 'परत काही येत नाही' म्हणजे उत्तमच दिसत होतं.

हे पकडायचे दोन मार्ग. एक, एकाच फ्रिक्वेन्सीवर मोजू नका. साधी छडीसारखी अँटेना आपल्या ठरल्या जागी चांगली आणि दूर गेलं की वाईट दाखवते. 136 पासून 174 मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे 1.1 दाखवणारी अँटेना ही अँटेना नाही, नुसती शेगडी आहे. ही तपासणी अँटेना अ‍ॅनालायझरने करा, म्हणजे हवेत काही सोडावं लागत नाही. दोन, छडी स्क्रूमधून काढून टाका आणि पुन्हा मोजा. खऱ्या अँटेनाचा आकडा तात्काळ आभाळाला जातो. तो तसाच 1.2-1.3 राहिला तर तळात रेझिस्टर आहे, किंवा केबलच इतकी वाईट आहे की परत येणारी शक्ती वाटेतच संपते.

छडीची लांबी स्वतः मोजा. 7,125 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की पाव-तरंगाची, म्हणजे साध्या छडीची, लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते: 145 ला सुमारे 49. तळाशी कॉइल नसलेली 30 सेंटिमीटरची छडी 'व्हीएचएफची' म्हणून दिली तर प्रश्न विचारा. आणि ट्रॅक्टरचं छप्पर फायबरचं होतं, हे विसरू नका. पाव-तरंगाच्या अँटेनाला खाली पत्रा लागतो, तो तिचा दुसरा अर्धा भाग असतो. चुंबकाचा तळ फायबरला चिकटत नाही म्हणून बसवणाऱ्याने तो सरळ चिकटपट्टीने डकवला होता. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ही पट्टी आठवडाभरही टिकत नाही. अशा छपरावर मीटरभर व्यासाचा पत्रा बोल्टने कसा, अँटेनाचा तळ त्यावर. बोलेरोला हा त्रास नाही, छत लोखंडी आहे. चुंबक मधोमध ठेवला की झालं.

केबल तिन्ही गाड्यांत डिश टीव्हीची, 75 ओहमची. याबद्दल लोक फार ओरडतात, पण 50 ऐवजी 75 ओहम हा यातला किरकोळ दोष आहे. खरी अडचण अशी की तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, तिला डाग बसत नाही. मग कनेक्टरमध्ये ती नुसती दाबून ठेवतात आणि चार खड्ड्यांत ती सुटते. मधली तार कडक, वळणाला मोडते. 5 मिलिमीटरची खरी आरजी-58 किंवा जाड आरजी-213 घ्या. एक इंच सोलून पाहा: जाळी तांब्याची आणि इतकी घट्ट की आतलं पांढरं प्लास्टिक दिसू नये. पीएल-259 कनेक्टरमध्ये आरजी-58 घालायला रिड्यूसर लागतो, आणि मधल्या पिनमध्ये डाग हवाच. छतावरून केबल आत येण्याआधी खाली एक झोळ द्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी केबलवरून थेट सेटपर्यंत चालत येतं. दाराशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकमागे पडदा-एअरबॅग असेल तर केबल तिच्या पुढून नेऊ नका.

आता कागदांचं, कारण इथे फसलेला माणूस गुन्हेगारही ठरू शकतो. परवान्यातून सूट आहे ती 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या अर्ध्या वॅटपर्यंतच्या वॉकीटॉकीला. गाडीतला 25-50 वॅटचा व्हीएचएफ सेट त्यात बसत नाही. त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना आणि ठरवून दिलेली फ्रिक्वेन्सी लागते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. हॅम (हौशी रेडिओचा) परवानाधारक 144 ते 146 मेगाहर्ट्झवर बोलू शकतो, पण मालाची गाडी कुठे आहे असलं धंद्याचं बोलणं तिथे चालत नाही. विनापरवाना सेट नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. "पोलिसांचं, वनखात्याचं चॅनल पण टाकून देतो," असं आमिष दाखवणारे आहेत. मेळघाट, ताडोबात वनखात्याची वायरलेस आगीच्या आणि वाघाच्या कामाला लागते, तिथे चुकून बटन दाबलं तरी प्रकरण अंगाशी येतं. विकणाऱ्याकडे डीलरचा परवाना आणि सेटचं मंजुरी प्रमाणपत्र मागा. ई-कॉमर्सवरच्या विक्रीसाठीही 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले आहेत. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि परवाना लागतो का, हे जाहिरातीत सांगणं विक्रेत्यावर आहे.

पैसे देताना निम्मे सामान आल्यावर, उरलेले गाडी खरोखर जिथे वापरायची तिथे नेऊन, परवान्यातल्या फ्रिक्वेन्सीवर चाचणी झाल्यावर. बाजारातल्या चौकात दिलेला डेमो धरू नका. बिलावर सेटचं मॉडेल, सिरियल नंबर, वॅट, केबलचा प्रकार आणि लांबी लिहून घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीचा 1930, वस्तूबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर समोरचा वकील 'हा ग्राहकच नाही' म्हणतो. गाडी स्वतः चालवून पोट भरता, हे दाखवणारे कागद सोबत न्या.

त्या तीन गाड्यांतून कामाचं काय उरलं? माइकचे हुक, सेटचे लोखंडी ब्रॅकेट आणि पिकअपवरचा एक चुंबकाचा तळ, तोही केबल बदलून. पीओसी सेट सपाटीवरच्या फेऱ्यांना चालेल, नवं सिम टाकून. खरे व्हीएचएफ सेट बॅटरीपासून सोडवून, परवान्याच्या अर्जाचं होईपर्यंत डब्यात. ते जुन्या सामानात कुणाला विकायचे नाहीत, कारण विकायलाही परवाना लागतो.