गॅलरीतला क्यूआर कोड: लेन्स, वेबसाइट की अ‍ॅप?

सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सचा क्यूआर कोड येतो. ज्या फोनवर तो आला, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? दुसऱ्याचा फोन मागणं हा जुना जुगाड आहेच. तो नको असेल तर तीन वाटा उरतात, आणि त्यांतली कुठली धरायची हे चित्रात काय आहे त्यावर ठरवावं.

प्रदर्शनाचं पोस्टर, हॉटेलचं मेनूकार्ड, लग्नपत्रिकेवरचा नकाशा असेल तर गुगल लेन्स खुशाल वापरा. अँड्रॉइडवर ते बहुधा आधीच असतं आणि वाकडातिकडा फोटोही वाचतं. मात्र ते मुळात शोधाचं साधन आहे, चित्र गुगलच्या सर्व्हरवर जातं. आयफोनवाल्यांचं काम सोपं: फोटोज अ‍ॅपमध्ये कोडवर बोट दाबून धरलं की त्यातली लिंक दिसते, आणि कोड ओळखण्याचं काम फोनवरच होतं.

वेबसाइटचं मात्र जपून. वरून सगळ्या सारख्याच दिसतात, ‘इमेज अपलोड करा’ म्हणतात. काही साइट चित्र खरोखरच आपल्या सर्व्हरवर नेतात, काही ब्राउझरमध्येच वाचतात. ‘तुमची गोपनीयता आम्हाला महत्त्वाची’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा पान उघडा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा आणि मग एखादं बिनमहत्त्वाचं चित्र देऊन पाहा. मजकूर आला तर वाचन तुमच्याच फोनवर झालं. खाजगी चित्रासाठी तीच साइट वापरायची तर नेट चालू करण्याआधी टॅब बंद करा. एवढा खटाटोप करायचा नसेल तर वेबसाइटच्या नादी लागू नये, असं माझं मत.

आधारवरचा कोड घ्या. साध्या डिकोडरला, म्हणजे कोडातला मजकूर वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपला, त्यात आकड्यांची लांबलचक रांग दिसते, म्हणून लोकांना तो कुलूपबंद वाटतो. प्रत्यक्षात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो त्यात दाबून बसवलेले असतात, वर डिजिटल सही. सहीमुळे फेरफार पकडता येतो, पण वाचणाऱ्याला अडवता येत नाही. वायफायच्या कोडात पासवर्ड तर सरळ अक्षरांत असतो.

अशा चित्रांसाठी बायनरी आयसारखं मुक्तस्रोत अ‍ॅप बरं. गॅलरीतून चित्र त्याला ‘शेअर’ करायचं, आतला मजकूर जसाच्या तसा समोर येतो आणि उघडायचं की नाही ते आपण ठरवतो. लिनक्सवाल्यांना झेडबार हे कोड वाचणारं साधन पुरतं. कुठलंही स्कॅनर अ‍ॅप ‘सगळे फोटो’ मागू लागलं तर नाही म्हणा. अँड्रॉइड १४ पासून निवडक फोटोंचीच परवानगी देता येते.

पैशांचा कोड असेल तर यूपीआय अ‍ॅपमधला ‘गॅलरीतून निवडा’ हाच पर्याय सोयीचा, पण आधी तोच कोड डिकोडरमध्ये टाकून पाहण्यात अर्थ आहे. समोर येणाऱ्या मजकुरात ‘पीए’ (pa) पुढे पैसे कुणाच्या आयडीवर जाणार ते असतं, ‘एएम’ (am) पुढे रक्कम. ‘पीएन’ (pn) पुढचं नाव कोड बनवणाऱ्याने टंकलेलं असतं, तिथे ‘सोसायटी’ कुणीही लिहील. पैसे पाठवण्याआधी अ‍ॅप बँकेतलं नाव दाखवतं, ते वाचा. जुना फ्रिज विकताना गिऱ्हाईकाने ‘पैसे घ्यायला हा स्कॅन करा’ म्हणून कोड पाठवला तर वाचायचीही गरज नाही. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो.

एवढं करूनही एक भोक राहतं. गुगल फोटोजचा ऑटो बॅकअप चालू असेल आणि स्क्रीनशॉटचा फोल्डर त्यात असेल, तर लेन्स टाळून काय मिळवलं? चित्र गुगलकडे आधीच पोचलंय. ऑथेंटिकेटरच्या, म्हणजे लॉगिनचे ओटीपी बनवणाऱ्या अ‍ॅपच्या, सेटअप कोडचा स्क्रीनशॉट असेल तर तो आधी उडवा, कारण त्यात ओटीपी तयार करणारी मूळ किल्लीच असते. आणि ट्रॅशही रिकामी करा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस पडून राहतो.